दोनदा आलेला तास

ही घटना माझ्या घरात घडलेली आहे. ऐकीव नाही, कुणाच्या मावशीच्या जावेची नाही. पटली नाही तर सोडून द्या, मी वाद घालायला बसलेली नाही.

आणि आधीच सांगते, हिच्यात रात्र नाही. अमावस्या नाही, सुनसान रस्ता नाही. गेल्या नोव्हेंबरचा पहिला रविवार, बेंगळुरूमधलं आमचं घर, सकाळचं लख्ख ऊन. खाली मैदानात पोरं क्रिकेट खेळत होती.

तरीही...

त्या दिवसापासून मला उन्हाची भीती वाटते.

मी गौरी. शाळेत गणित शिकवते, त्यामुळे भुताखेतांशी माझं कधी जमलं नाही. नवरा मुकुल महादेवपुऱ्यातल्या एका कंपनीत आहे. ही कंपनी अमेरिकेतल्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी मनगटी घड्याळं बनवते. घड्याळ हृदयाचे ठोके मोजतं. त्रास झाला की बटण दाबायचं, मग त्यातूनच बोलता येतं. इकडे पडद्यावर सगळं दिसतं.

माझे सासरे उमाकांत, म्हणजे बाबा. आयुष्यभर विमान कारखान्यात उपकरणं तपासली. पुण्याहून इथे आले ते इथलेच झाले. वेळेच्या बाबतीत भलते काटेकोर. इडली पाच मिनिटं उशिरा आली तर माझ्याकडे न बघता भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचे. त्यावरून आमचं रोज वाजायचं आणि रोज मिटायचं. माझा स्वतःच्या वडिलांवर होता तेवढाच जीव त्यांच्यावर होता.

मागे एकदा त्यांना चक्कर आली, तेव्हा मुकुलने कंपनीतलं चाचणीचं एक घड्याळ आणून त्यांच्या हातात बांधलं. त्याच्या टीममधल्या सगळ्यांनीच आपापल्या आईवडिलांना अशी घड्याळं बांधली होती. चाचणीची चाचणी आणि काळजीची काळजी. फक्त ती घड्याळं एका जुन्या चाचणी सर्व्हरला जोडलेली होती, आणि त्या सर्व्हरची वेळ होती अमेरिकेतल्या ओहायोची.

म्हणजे बाबा राहायचे बेंगळुरूत, पण त्यांचे ठोके नोंदले जायचे ओहायोच्या वेळेने. इथे सकाळ, तिथे रात्र.

बाबांना याची फार गंमत वाटायची. "मी इथे भाजी निवडतोय, आणि तिकडच्या हिशेबाने घोरतोय," म्हणायचे.

आता एक गोष्ट समजावून सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

अमेरिकेत वर्षातून दोनदा घड्याळं बदलतात. मार्चमध्ये एक तास पुढे, नोव्हेंबरमध्ये एक तास मागे. नोव्हेंबरच्या त्या रविवारी रात्रीचे दोन वाजले की घड्याळ परत एकवर नेतात. म्हणजे एक ते दोन हा तास दोनदा येतो. माणसं झोपलेली असतात, त्यांना काही वाटत नाही. संगणकाची मात्र पंचाईत होते. दीड वाजता काही घडलं, तर कुठला दीड? पहिला की दुसरा? चांगल्या यंत्रणा आतून एकच जागतिक वेळ धरून चालतात, ती कधी मागे जात नाही. जुन्या यंत्रणा भाबड्या असतात. त्यांना सांगितलं एक वाजला, की त्यांच्यासाठी खरोखर एकच वाजलेला असतो.

जे घडून गेलं... ते त्यांच्या लेखी अजून घडायचं असतं.

तो जुना सर्व्हर मुद्दाम तसाच ठेवला होता, काय काय बिघडतं ते बघायला. तिथे घड्याळ मागे जातं तेव्हा आपल्याकडे रविवारचे सकाळचे साडेअकरा असतात. म्हणून मुकुल दर वर्षी त्या रविवारी ऑफिसला जायचा.

त्या दिवशी तो निघाला तेव्हा बाबा आरशासमोर दाढी करत होते.

"काय रे, आज तुमच्या अमेरिकेला एक तास फुकट मिळणार ना?"

"तुम्हालाही मिळेल बाबा. तुमचं घड्याळ तिकडचंच आहे."

"मला नको," बाबा गालावरचा फेस पुसत म्हणाले. "झालेला तास परत कशाला? दाढी एकदाच केलेली बरी."

मुकुल हसत हसत गेला.

अकराच्या सुमारास मी स्वयंपाकघरात कोशिंबीर करत होते. बाबा गॅलरीत पेपर वाचत बसले होते. पानं उलटल्याचा आवाज येत होता. मग सगळा पेपर एकदम जमिनीवर पडल्याचा आवाज आला.

आणि त्यानंतर... काहीच नाही.

मी धावले. बाबा खुर्चीत तसेच बसलेले होते, मान एका बाजूला. वरच्या मजल्यावरच्या वसुमती डॉक्टर दोन मिनिटांत खाली आल्या. नाडी पाहिली, डोळे पाहिले, छातीला कान लावला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून कन्नडमध्ये हळूच म्हणाल्या, "होगबिट्रू, गौरी."

गेले.

मी मुकुलला फोन लावला. मला सांगावं लागलंच नाही.

"मी बघत होतो गं," तो रडत होता. "एक चाळीसला रेष सपाट झाली. माझ्या डोळ्यांदेखत." मग म्हणाला, "निघतोच. ऑफिसातला बसवंत बाईकवर सोडतोय."

शेजारचे नागराज अण्णा आणि धनलक्ष्मी अक्का आले. आम्ही बाबांना हॉलमध्ये चटईवर ठेवलं. अक्कांनी डोक्याशी दिवा लावला. मी बाबांचा घड्याळाचा हात हातात घेऊन बसले. तो गार पडत चालला होता.

मुकुल आला नाही.

पाऊण तास झाला, तरी नाही. मग त्याचा फोन आला. आवाज अगदी वेगळा होता. घाईतला, जवळजवळ आनंदी.

"गौरी, बाबांना उठवून बसव. त्यांना आडवं पडून श्वास लागतोय."

मला वाटलं, धक्क्याने त्याचं डोकं फिरलं.

"मुकुल, बाबा गेलेत. मी त्यांच्याजवळच बसलेय."

"नाही गेले. घड्याळ मागे गेलं गौरी, इथे आता एक वीस झालेत. ते एक चाळीसला जातात. अजून वीस मिनिटं आहेत! ठोके येताहेत. त्यांनी बटण दाबलंय. बोलताहेत माझ्याशी."

मी हातातल्या हाताकडे पाहिलं. बोटं ताठ झाली होती. बटण कुणीही दाबलं नव्हतं.

"काय बोलताहेत?" मी विचारलं. का विचारलं, माहीत नाही.

पलीकडे मुकुल कुणाचं तरी ऐकत होता. मग तो म्हणाला...

"म्हणताहेत, गौरीला सांग हात जरा सैल धर. दुखतोय."

मी हात सोडला. एकदम, चटका बसल्यासारखा.

मी बाबांचा हात धरलाय हे त्याला दिसत नव्हतं. त्या घड्याळाला कॅमेरा नाही.

पुढच्या वीस मिनिटांत मी काय केलं ते सांगायला लाज वाटत नाही. मी बाबांना उठवून बसवलं. पाठीला उशा लावल्या. वसुमती डॉक्टरांच्या हातापाया पडले, परत बघा म्हटलं. त्यांनी बघितलं आणि मान हलवली. मग मी बाबांच्या छातीवर दोन्ही हातांनी दाबायला लागले. जोरजोरात. शाळेत प्रशिक्षणात शिकवलं होतं तसं. फोन शेजारी चालू होता आणि मुकुल त्यातून ओरडत होता, "कर, अजून कर, ठोके वाढताहेत!" अक्का रडत होत्या. शेवटी डॉक्टरांनी माझे हात घट्ट धरले. "गौरी, पुरे. तू त्यांना फक्त जखम करते आहेस."

मी फोनला कान लावला. नुसती बटणं दाबल्याचा आवाज.

मग मुकुल म्हणाला, "घेतलं मागे."

"काय मागे घेतलं?"

"सर्व्हरचं घड्याळ. एक चाळीस होऊच दिलं नाही. परत एक केलाय. आता बघतो, कसे जातात ते."

नागराज अण्णांनी तोवर विद्युतदाहिनीत फोन करून संध्याकाळची वेळ घेतली होती. पुन्हा पुन्हा विचारत होते, "मगा यल्लि अम्मा? मुलगा कधी येणार? त्याच्याशिवाय कसं करायचं?" मी काय सांगणार होते? मुलगा तिकडे बापाला मरू देत नाहीये, असं सांगू?

तीन वाजता मी अक्कांना बाबांजवळ बसवलं आणि रिक्षा करून महादेवपुऱ्याला गेले. रविवारचा रस्ता मोकळा होता, तरी मला तो संपता संपेना.

बसवंत मजल्याच्या दाराबाहेर उभा होता. हा मुकुलचा सहकारी, बेळगावकडचा, एरवी तोंडाची टकळी बंद नसते. आज ओठ पांढरे पडले होते.

"वैनी, मला लई भ्या वाटालंय. आम्ही निघालोच होतो बघा, हेल्मेट घातलेलं मी. तेवढ्यात तास परत सुरू झाला आन् काकांचं बटण वाजलं. तवापासून ह्यो उठंना. पाच-सहा बारी घड्याळ मागं घेतलंय."

"तू ऐकलास आवाज?"

त्याने मान खाली घातली. "आत जावा तुम्ही. मी नाही येणार."

मोठ्या काचांमधून ऊन थेट टेबलांवर पडलं होतं. सगळ्या खुर्च्या रिकाम्या. एका टोकाला मुकुल, पडद्याला नाक लावून. पडद्यावर हिरवी रेष वरखाली होत होती. कोपऱ्यात ओहायोची वेळ होती, एक वाजून पंधरा मिनिटं.

स्पीकरमधून कुणाचा तरी श्वास येत होता. लांब, घरघरत, ओढून घेतलेला.

मग...

"मुकुल, किती वाजले रे?"

बाबा. दुसरं कुणी नाही. तो आवाज मी बारा वर्षं रोज ऐकलाय.

"एक पंधरा, बाबा," मुकुल लहान मुलाशी बोलावं तसं बोलला.

"मघाशीपण पंधराच होते."

"हो बाबा."

"लाइट लावा रे कुणीतरी. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाही."

मी त्या ढळढळीत उन्हात उभी होते आणि माझे दात वाजत होते.

श्वास पुन्हा घरघरला. ते दुखणं होतं. सकाळी खुर्चीत जे एका क्षणात उरकलं असं मला वाटत होतं, ते इथे संपत नव्हतं. वाढत जायचं, अगदी टोकाला यायचं, आणि मुकुल घड्याळ मागे घ्यायचा. मग परत पहिल्यापासून.

"दाढी किती वेळा करायची रे मुकुल..." बाबा म्हणाले. "पुरे की आता."

मला रडू फुटलं. मी मुकुलची खुर्ची माझ्याकडे वळवली. "ऐकलंस ना? ते स्वतः सांगताहेत. त्यांना वाचवत नाहीयेस तू. तू त्यांना तेवढंच दुखणं पुन्हा पुन्हा देतोयस."

"पण ते आहेत ना गौरी! बोलताहेत ना!" त्याने माझे हात धरले. त्याचे डोळे मी त्याआधी तसे कधी पाहिले नव्हते. "मी सकाळी धड निरोपसुद्धा घेतला नाही. हसत निघून गेलो."

"मग आता घे निरोप. आणि सोड त्यांना. तिकडे ते चटईवर पडलेत, त्यांना अग्नी द्यायचाय. तू अडकवून ठेवलंस आणि आपण अग्नी दिला, तर..."

पुढचं मला बोलवलं नाही. पण त्याला कळलं. त्याचा चेहरा मेणासारखा झाला.

"तू बाहेर थांब," तो म्हणाला. "मी सोडतो."

मी बाहेर गेले. दहा-पंधरा मिनिटांनी तो बॅग खांद्याला लावून आला.

"सोडलं," म्हणाला. एवढंच.

मी देवाचे आभार मानले. शपथेवर सांगते, मला त्या क्षणी फक्त हायसं वाटलं.

संध्याकाळी सगळं झालं. दाहिनीतल्या माणसाने आत ठेवण्याआधी हातातलं घड्याळ काढायला लावलं, आत बॅटरी असते म्हणून. पट्टा निघेना, शेवटी कापावा लागला. मी घड्याळ पर्समध्ये टाकलं. मुकुलने विधी केले, नमस्कार केला. दार बंद होताना तो फोनवर अंगठ्याने काहीतरी करत होता. कुणाला तरी कळवत असेल, असं मला वाटलं.

परत येताना मांडीवरची पर्स गरम लागली. दिवसभर उन्हात वणवण झाली, त्यामुळे असेल.

घड्याळ मी कपाटात साड्यांच्या खाली ठेवून दिलं.

त्यानंतरचं जवळजवळ सगळं वर्ष साधं गेलं. निदान दिसायला साधं. मुकुल कामावर जायचा, जेवायचा, बोलायचा. फक्त एका कानात इयरफोन कायम. ऑफिसचे कॉल असतात, म्हणायचा. झोपेतही काढायचा नाही. फोन आंघोळीलासुद्धा दाराशी ठेवायचा. बारीक झाला. मी डॉक्टरकडे चल म्हटलं की हसायचा. वडील गेल्यावर माणूस असा होतो, असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायचे.

गेल्या आठवड्यात बसवंतचा फोन आला.

"वैनी, मुकुलला सांगू नका. पुढच्या रविवारी परत घड्याळं बदलायची हाईत. त्याच्या आधी ते जुने चाचणी सर्व्हर कायमचे बंद करा म्हणून वरनं सांगितलंय. मी एकेक तपासत होतो. त्यातला एक..."

"एक काय?"

"त्याचं घड्याळ एक एकोणचाळीसवर हाय. बंद नाही पडलं वैनी, चालू हाय. सेकंद पळत्यात. साठ झाले की परत शून्य. पण मिनिट पुढं जात नाही. गेल्या नोव्हेंबरपासनं."

माझी नजर कपाटाकडे गेली.

"आन् ठोके येताहेत," तो म्हणाला. "लई जोरात येताहेत."

मी फोन ठेवला आणि कपाट उघडलं. साड्यांच्या घडीखाली हात घातला... आणि ओढून घेतला. घड्याळ तव्यासारखं तापलं होतं. बॅटरी कधीच संपलेली, काच काळी ठिक्कर. वरच्या साडीवर तपकिरी डाग पडला होता.

त्याने सोडलं नव्हतं. एक मिनिट आधी धरून ठेवलं होतं. आणि तसंच आम्ही बाबांना दाहिनीत सरकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुकुल आंघोळीला गेला. नळाचा आवाज सुरू झाला. दाराशी स्टुलावर फोन होता, त्याला इयरफोन लटकलेला. मी तो उचलला आणि कानात घातला.

आधी नुसती घरघर. मग ठोके. इतके जवळ, की ते माझेच आहेत असं वाटावं.

मग बाबांचा आवाज. किंचाळले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे विचारत होते, वाट चुकलेल्या माणसासारखे.

"मुकुल... एवढा अंधार आहे, मग ऊन कुठून लागतंय रे?"

मी तिथेच खाली बसले. तोंडात पदर कोंबून रडले.

मग उठले आणि बसवंतला फोन केला. तो ऑफिसातच होता. "सोड," मी म्हटलं. "मिनिट पुढे जाऊ दे. मुकुलचं काय व्हायचं ते होईल, ते मी बघते. बाबांना सोड."

"आत्ता?"

"आत्ता."

मी फोन कानाला लावून उभी राहिले. पलीकडे त्याची बोटं चालली. मग तो पुटपुटला, "चाळीस झाले वैनी." थोडा वेळ गेला. "एक्केचाळीस. रेष सपाट झाली. ठोके थांबले." तोही रडत होता. "मशीनच बंद करून टाकलं बघा मी. वायरबी काढली. सुटले काका."

मी हात जोडले. भिंतीवरचं बाबांचं घड्याळ टिकटिकत होतं. सुटले, मी स्वतःशी म्हणाले. सुटले.

मुकुल बाहेर आला. डोकं पुसलं, इयरफोन कानात घातला. मी श्वास रोखून त्याच्याकडे बघत होते. आता ओरडेल, आता मला विचारेल. तो नेहमीसारखा चहा प्यायला आणि ऑफिसला गेला.

त्यानंतर मी कपाट उघडलं.

घड्याळ... तसंच तापलेलं होतं.

बसवंत देवाची शपथ घेऊन सांगतो, तो सर्व्हर आता नाही. भंगारात गेला. मुकुलला मी काहीच विचारलेलं नाही. विचारायची हिंमत होत नाही. रविवार परवावर आला आहे, आणि रविवारी तो तास परत दोनदा येणार आहे.

आज सकाळी मी स्वयंपाकघरात होते. मुकुल गॅलरीत, बाबांच्या खुर्चीत बसला होता. त्याच्या अंगावर ऊन आलं होतं. इयरफोनची वायर कानातून खाली लोंबत होती, दुसरं टोक कशालाच जोडलेलं नव्हतं. फोन तर आत चार्जिंगला होता.

तो मान जराशी तिरकी करून काहीतरी ऐकत होता.

मग लहान मुलाशी बोलावं तसं, अगदी हळू म्हणाला...

"एक एकोणचाळीस, बाबा."